जखमेवर नेमकं काय लावायचं? हळद, कापूस, केळीचं पान ते हायड्रोजेल

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागलं की अर्धापूर येतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. घड उतरवला की पानं बहुतेक वेळा तिथंच पडून राहतात, फार तर पंगतीला जातात. पण हेच केळीचं पान मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या जखमेवर लावलं गेलं, त्याचा रीतसर अभ्यास झाला आणि तो आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

उलट आपल्या मोबाईलवर रोज वेगळंच येतं. भाजलं की टूथपेस्ट लावा, कापलं की चहापत्ती दाबा, जखमेत हळद भरा, जखम उघडी ठेवा म्हणजे लवकर सुकते. यातलं खरं किती? दवाखान्यात डॉक्टर जखमेवर जे ठेवतात ते नेमकं काय असतं? आणि तिथं लावतात ते केळीचं पान घरी लावलं तर चालतं का? एकेक करून बघूया.

आधी समजून घ्या, जखम भरते कशी?

जखम कुठलंही औषध भरून आणत नाही, ती शरीरच भरून आणतं. हे काम चार टप्प्यांत चालतं.

कातडी कापली की रक्तातल्या प्लेटलेट्स एकत्र येऊन रक्त थांबवतात. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. या काळात जखमेभोवती थोडी सूज, लाली आणि ऊब असते, ते स्वाभाविक आहे. तिसऱ्या टप्प्यात जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार नवं मांस येतं आणि कडेकडून नवी कातडी आत सरकू लागते. शेवटचा टप्पा व्रण पक्का होण्याचा. तो काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतो. खोल जखमेच्या जागची कातडी भरून आल्यावरही पूर्वीइतकी मजबूत होत नाही, जास्तीत जास्त ८० टक्क्यांच्या आसपास ताकद परत येते.

मग ड्रेसिंग कशासाठी? तर शरीराच्या या कामात कुणी खोडा घालू नये म्हणून. धूळ, माशा आणि जंतू बाहेर ठेवणं, जखमेतून येणारी लस शोषून घेणं, जखम कोरडी पडू न देणं, धक्का लागण्यापासून वाचवणं आणि काढताना नवी कातडी ओरबाडून न निघणं, ही चांगल्या ड्रेसिंगची कामं.

कापूस आणि गॉज: जुनं, स्वस्त, पण चिकटणारं

कापडाने जखम बांधणं हे आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत जखम बांधण्याचे १४ प्रकार सांगितले आहेत आणि त्यासाठी लागणाऱ्या सामानात सुती, रेशमी, लोकरी कापडापासून कातड्यापर्यंत बऱ्याच वस्तूंची नावं येतात.

मराठवाड्यात कापसाचं नवल नाही. नांदेडचा गावरानी कापूस निजामाच्या काळात नावाजलेला होता. शहरातली उस्मानशाही मिल जुन्या लोकांना अजून आठवते. पण शेतातून आणलेला कापूस थेट जखमेवर चालत नाही. एक तर त्यात धूळ आणि जंतू असतात. दुसरं म्हणजे कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी शोषतच नाही. विश्वास बसत नसेल तर करून बघा: सरकीतून काढलेला कापूस पाण्यावर टाका, तो तरंगत राहील. मेडिकलमधला कापूस टाका, काही सेकंदांत बुडेल. कॉस्टिक सोड्यात उकळून हे मेण काढतात, मग ब्लीच करून कापूस पांढरा करतात. चांगला सर्जिकल कापूस १० सेकंदांच्या आत बुडला पाहिजे, असा औषधशास्त्राचा निकष आहे.

तरीही हा कापूस थेट उघड्या जखमेवर ठेवू नये. त्याचे बारीक तंतू ओल्या जखमेत अडकतात आणि नंतर एकेक काढत बसावे लागतात. म्हणून आधी जाळीदार गॉज, त्यावर कापूस आणि वरून बँडेज, अशी रचना असते. दोन गॉजच्या मध्ये कापूस घालून केलेल्या गादीला दवाखान्यात 'गॅमजी' म्हणतात. बर्मिंगहॅमचे सर्जन जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली ती आणली, त्यांचंच नाव तिला चिकटलं.

गॉजची अडचण तुम्ही कधीतरी सोसली असेल. लस वाळते, गॉज जखमेला घट्ट चिकटतं आणि ड्रेसिंग बदलताना डोळ्यांपुढे तारे चमकतात. ओढून काढलं तर नुसतं दुखत नाही, दोन-तीन दिवसांत आलेली कोवळी कातडीही सोबत निघते आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवून, थांबून, मग हळूच काढायचं असतं. यावर उपाय म्हणून पॅराफिन लावलेलं, तेलकट जाळीचं गॉज आलं. भाजलेल्या जखमेवर पिवळसर, बुळबुळीत जाळी लावलेली पाहिली असेल, ती हीच.

'जखम सुकू दे' हा समज कुणी मोडला?

जखम उघडी ठेवली, खपली धरली की ती बरी झाली, असं आपण पिढ्यानपिढ्या मानत आलो. डॉक्टरही बराच काळ तसंच मानत होते.

१९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने डुकरांवर एक साधा प्रयोग केला. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच मिळतीजुळती असते. त्याने सारख्याच उथळ जखमा केल्या. काही उघड्या सोडल्या, काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने पसरली. 'नेचर' या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि ड्रेसिंगचा सगळा विचार बदलला.

कारण समजायला सोपं आहे. नव्या पेशी जखमेच्या कडेवरून आत सरकत येतात. तळ ओलसर असेल तर त्या सहज सरकतात. वर कडक खपली असेल तर त्यांना खपलीच्या खालून वाट काढत जावं लागतं. नव्या नांगरटीत बी टाकायचं असेल तर वाफसा लागतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जखमेचंही तसंच: ना चिखल, ना ढेकूळ. फार ओली राहिली तर कडेची कातडी पांढरी पडून कुजते, फार कोरडी झाली तर पेशी मरतात. आजची सगळी नवी ड्रेसिंग हा वाफसा टिकवण्यासाठीच आहेत.

केळीचं पान आणि बटाट्याची साल: मुंबईतले प्रयोग

मोठं भाजलं की ड्रेसिंगचा खर्च परवडत नाही. एकदा लावून भागत नाही, पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. स्वस्तात, जखमेला न चिकटणारं काय मिळेल, हा प्रश्न मुंबईतल्या डॉक्टरांनी मनावर घेतला.

वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. एम. एच. केसवानी आणि सहकाऱ्यांनी बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टी तयार केली. साली कापडी पट्टीवर बसवायच्या, पट्टी निर्जंतुक करायची आणि सालीची आतली बाजू जखमेवर येईल अशी लावायची. १९८५ साली 'बर्न्स' या नियतकालिकात त्याचा अहवाल आला. सालीत काही जादूचं औषध नव्हतं. ती जखम कोरडी पडू देत नव्हती, एवढंच आणि तेच महत्त्वाचं. 'भाजल्यावर आधी पाणी ओता' हा संदेश देशभर पोचवण्यातही डॉ. केसवानींचा मोठा वाटा आहे.

त्यानंतर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचा अभ्यास केला. पान गुळगुळीत, वरून मेणचट, त्यामुळे चिकटत नाही. आकाराने मोठं, त्यामुळे पाठ किंवा मांडीसारखी जागा सहज झाकली जाते. पट्टीच्या कापडावर पान चिकटवून, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून ते वापरलं गेलं. २००३ साली छापून आलेल्या अभ्यासांमध्ये वरवर भाजलेल्या जखमांवर केळीचं पान बटाट्याच्या सालीइतकंच कामाचं ठरलं, पण तयार करायला सोपं आणि कित्येक पटींनी स्वस्त. कातडी रोपणासाठी मांडीवरची कातडी काढतात त्या जागेवरही ते वापरलं, तिथं व्हॅसलीन गॉजपेक्षा दुखणं कमी आणि पट्टी काढणं सोपं, असं दिसलं.

आता महत्त्वाची गोष्ट. हे वाचून बागेतलं पान तोडून भाजलेल्या जागेवर बांधू नका. रुग्णालयातलं पान निर्जंतुक केलेलं होतं आणि जखम किती खोल आहे हे डॉक्टरांनी पाहिलेलं होतं. बागेतल्या पानावर धूळ, बुरशी, पक्ष्यांची विष्ठा आणि फवारणीचं औषध असतं. नुसतं धुऊन किंवा घरी उकळून ते ऑटोक्लेव्हसारखं निर्जंतुक होत नाही. अभ्यास पान आणि निर्जंतुकीकरण या दोन्हींचा होता, फक्त पानाचा नाही.

मग हळदीचं काय?

वसमत, हिंगोली, नांदेड हा हळदीचा पट्टा. त्यामुळे इथं हा प्रश्न येणारच.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळालं. सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय डॉक्टरांच्या नियतकालिकातला लेख असे पुरावे मांडले. १९९७ साली पेटंट रद्द झालं. आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

पण या लढाईत सिद्ध काय झालं, ते नीट समजून घ्या. हळदीचा हा वापर नवा नाही, आपल्याला तो आधीपासून माहीत आहे, एवढं सिद्ध झालं. डब्यातली हळद जखमेत भरली की जखम लवकर भरते, हे त्या निकालाने ठरवलेलं नाही. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत भरपूर काम झालं आहे आणि चालू आहे. स्वयंपाकघरातली पूड मात्र निर्जंतुक नसते, कधीकधी तिच्यात रंगाची भेसळ असते आणि ओल्या जखमेत तिचा घट्ट थर बसतो. मग जखम किती खोल आहे, पू आहे का, हे डॉक्टरांना दिसत नाही. ती पूड खरवडून काढताना रुग्णाला होणारा त्रास वेगळाच. दुधात घाला, भाजीत घाला. उघड्या जखमेत नको.

हाच नियम चहापत्ती, तंबाखू, शेण, माती, शाई आणि टूथपेस्टला. शेण आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यामुळे ते सर्वांत धोकादायक.

आजकालची ड्रेसिंग: कुठली कशासाठी?

मेडिकलमध्ये किंवा दवाखान्याच्या बिलावर ही नावं दिसतात. थोडक्यात अर्थ असा:

- पारदर्शक फिल्म: चिकटणारा पातळ पापुद्रा. हवा आणि वाफ जाते, पाणी आणि जंतू आत येत नाहीत. सलाईनची सुई लावल्यावर हातावर लावतात ती हीच. वरवरच्या, लस नसलेल्या जखमेला चालते.
- हायड्रोकोलॉइड: लस शोषून जखमेवर मऊ जेल तयार करते. काही दिवस तशीच ठेवता येते. काढल्यावर पिवळसर, वास येणारा द्राव दिसतो, तो दर वेळी पू नसतो. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर लावत नाहीत.
- हायड्रोजेल: यात मुख्यतः पाणीच असतं. कोरड्या जखमेला ओल देतं, मेलेला भाग मऊ करतं, थंडावा देतं. आधीच खूप लस येत असेल तर उपयोग नाही.
- अल्जिनेट: समुद्री शेवाळापासून बनवलेलं. भरपूर लस शोषून त्याचं जेल होतं, थोडं रक्त येत असेल तर ते थांबायलाही मदत होते. कोरड्या जखमेवर लावलं तर चिकटून बसतं.
- फोम: स्पंजसारखं. खूप लस येणाऱ्या आणि दाब पडणाऱ्या जागेवर, उदाहरणार्थ अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कंबरेवर.
- चांदीयुक्त ड्रेसिंग: चांदी जंतू मारते. संसर्ग झालेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या जखमेवर, ठराविक काळापुरतं. स्वच्छ जखमेवर उगाच लावण्यात फायदा नाही.
- कोलॅजन शीट: भाजलेल्या जखमांवर आपल्याकडे बरीच वापरतात. ती जनावराच्या किंवा माशाच्या प्रथिनापासून बनते. कुणाला त्याची अडचण असेल तर आधीच डॉक्टरांना विचारावं, त्यात संकोच नको.
- मधाचं ड्रेसिंग: यासाठी खास निर्जंतुक केलेला मध वापरतात. बाटलीतला खाण्याचा मध त्याच्या जागी चालत नाही.
- व्हॅक ड्रेसिंग: जखमेत फोम भरून, वरून फिल्म लावून मशीनने आतली लस ओढून घेतात. मोठ्या, खोल जखमांसाठी, फक्त रुग्णालयात ठरवायची गोष्ट.

म्हणजे 'सगळ्यात भारी ड्रेसिंग कुठलं' हा प्रश्नच चुकीचा आहे. जखम ओली आहे की कोरडी, खोल आहे की वरवर, स्वच्छ आहे की संसर्ग झालेली, यावर ठरतं. आज जे योग्य, ते आठ दिवसांनी योग्य असेलच असं नाही.

सर्वांत मोलाचं ड्रेसिंग: माणसाची कातडी

शरीराचा मोठा भाग भाजला की रुग्णाची स्वतःची कातडी पुरत नाही. तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरतं आवरण म्हणून लावतात. ती कायमची रुजत नाही, पण स्वतःची कातडी येईपर्यंत पाणी, क्षार आणि जंतू यांच्यापासून रुग्णाला सांभाळते. सायन रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाय, मांडी, पाठ इथला त्वचेचा फक्त वरचा पातळ थर घेतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षं टिकते.

मराठवाड्यातल्या तीन नेहमीच्या जखमा

*विळा, कोयता लागला.* सोयाबीन काढणी आणि ऊसतोडीत हे रोजचंच. स्वच्छ कापडाने १० मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. रक्त थांबल्यावर नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याने माती निघेपर्यंत धुवा. साबण आजूबाजूच्या कातडीला. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडीन पुन्हा पुन्हा ओतू नका, जंतूंसोबत नव्या पेशीही मरतात. जखम तोंड उघडून राहत असेल तर टाके लागतील, त्याच दिवशी दाखवा. मातीत झालेली जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर ते घ्यावं लागतं.

जखम फार मळलेली किंवा चेंगरलेली असेल तर डॉक्टर ती लगेच शिवत नाहीत. साफ करून, ओलं गॉज ठेवून काही दिवसांनी शिवतात. घाण आत ठेवून वरून टाके घातले तर पू आतच कोंडतो. 'टाके का नाही घातले' म्हणून डॉक्टरांशी भांडण्याआधी हे लक्षात असू द्या.

*भाजलं.* गरम तेल, अंगावर सांडलेला चहा, चुलीचा भडका, काहीही असो. २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. फोड फोडू नका, त्याची कातडी हेच नैसर्गिक ड्रेसिंग आहे. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. लहान मूल, चेहरा, हात, सांधे, गुप्तांग, विजेचा किंवा केमिकलचा भाजा असेल तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

*साखरेच्या रुग्णाच्या पायाची जखम.* ही सर्वांत फसवी. पाय बधिर असल्याने काटा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून घरचे 'होईल बरी' म्हणतात आणि बोट काळं पडल्यावर दवाखाना गाठतात. इथं महागडं ड्रेसिंग एकटं काही करू शकत नाही. साखर आटोक्यात आणणं, पायाचा रक्तपुरवठा तपासणं आणि त्या जागेवरचा भार काढणं, हे तिन्ही झालं तरच ड्रेसिंग उपयोगी पडतं. रोज रात्री पायाचा तळवा आरशात बघणं याला एक रुपया लागत नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

लाली पसरत चालली, सूज आणि दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू किंवा घाण वास आला, ताप भरला, जखमेपासून वर लाल रेष गेली, कडा काळ्या पडल्या किंवा दोन-तीन आठवडे उलटूनही जखम लहान होत नाही, यातलं काहीही असेल तर ड्रेसिंग बदलून बघण्यात वेळ घालवू नका. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय किंवा नांदेडमधल्या विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठा.

थोडक्यात सांगायचं तर

धुवा, झाका, ओलसर ठेवा आणि लक्ष ठेवा. जखमेत घरातली कुठलीही पूड भरू नका. दहा रुपयांचं निर्जंतुक गॉज नीट लावलं आणि वेळेवर बदललं, तर चुकीच्या जखमेवर लावलेल्या हजार रुपयांच्या ड्रेसिंगपेक्षा ते जास्त काम करतं. पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर 'जखमेवर हे लावा' असा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: हे निर्जंतुक आहे का, आणि काढताना नवी कातडी सोबत निघेल का?